लाडीने पान्हा चोरला

माणसाने सियाचीनच्या बर्फात हिवाळे काढले असोत, राजस्थानच्या वाळूत रुतलेले ट्रक खांद्याने ढकलले असोत, की छातीवर पदकांची रांग मिरवली असो, म्हशीला त्याचे काडीइतके कौतुक नसते. ही गोष्ट सुभेदार मानसिंग यांना पेन्शनीत निघाल्यावर पुष्कळ वर्षांनी कळली, आणि तीही अख्ख्या वाडीसमोर.

औंधच्या अलीकडे, ओसरीत बसले की यमाईचा डोंगर दिसतो अशा वाडीत सुभेदारांचे घर. दारात एक म्हैस, परड्यात वांगी-मिरच्या, शेवग्याखाली उकरत फिरणाऱ्या कोंबड्या आणि मागे थोडा ऊस. एवढ्या सगळ्या पसाऱ्याचा कारभार लीलाबाईंकडे होता. सुभेदारांकडे खाते होते ते देखरेखीचे. देखरेख म्हणजे सकाळी काठी घेऊन फिरायला जायचे, आल्यावर पेपर वाचायचा आणि वैरण कुठे सांडली आहे ते बोटाने दाखवायचे. संध्याकाळी ते पारावर बसून देशाची देखरेख करत. म्हणजे धारेच्या दोन्ही वेळांना सुभेदार कधी घरी नसायचे. हे वाचकाने लक्षात ठेवावे, कारण सुभेदारांच्या ते लक्षात आले नव्हते.

लीलाबाईंचा बचत गट दरवर्षी कुठेतरी ट्रिपला जाई आणि लीलाबाई दरवर्षी गाडीला हात हलवून गोठ्यात परत येत. कारण लाडी. लाडीचे पहिले रेडकू लहानपणीच गेले, तेव्हापासून ती फक्त लीलाबाईंच्या हातावर पान्हा सोडायची. दुसऱ्या कोणी कासेला हात लावला की लाथ. यंदा गट महाबळेश्वरला निघाला तेव्हा लीलाबाई भाकरी थापता थापता एवढेच म्हणाल्या, "ह्याच जिल्ह्यात जल्माला आले, ह्याच जिल्ह्यात म्हातारी झाले, पर महाबळेश्वर काय बघितलं न्हाई. ऱ्हाऊ दे. लाडीची धार कोण काढणार?"

त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण सुभेदारांना तो लागला. आणि सुभेदारांना काही लागले की ते तडक तोंडावाटे बाहेर पडते. ते ताडकन म्हणाले, "मी काढणार! तू बॅग भर."

"तुमी?"

"पलटणीत खेचरं सांभाळल्यात मी. म्हस म्हंजे काय मोठी तोफ हाय का?"

लीलाबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "बगा हं. एका वेळची जरी धार चुकली तरी मी आसंल तितनं माघारी फिरीन. कास भरून दगडी झाली तर जनावर हातचं जाईल माझं. आन परत मला जा म्हणून कवा सांगायचं न्हाई."

निघायच्या दिवशी सकाळची धार काढून, गाडीत बसायच्या आधी त्यांनी सूचना दिल्या. त्यातल्या तीन सुभेदारांना होत्या आणि बाकीच्या सगळ्या लाडीला.

गाडी वळणाआड गेली आणि सुभेदारांनी बाह्या सरसावल्या. एखादे ठाणे ताब्यात आले की आधी साफसफाई, हा पलटणीचा नियम. त्यांनी गोठा फिनेल टाकून धुतला. लाडीला अंगाला लावायच्या वासाच्या साबणाने अंघोळ घातली. लीलाबाई गोठ्यात नेसायच्या ती जुनी साडी, डोक्याला बांधायचे फडके, बसायचे पोते, सगळे वॉशिंग मशीनमध्ये टाकून दोनदा फिरवले. दुपारपर्यंत गोठ्याला मिलिटरी हॉस्पिटलची कळा आली. लाडी शिंका देत एका कोपऱ्यात सरकून उभी राहिली.

संध्याकाळी सुभेदार चरवी घेऊन बसले. पुढे पेंड ठेवली, कासेवर कोमट पाण्याचा हबका मारला, सडाला हात लावला. पुढचे त्यांना नीटसे आठवत नाही. चरवी शेवग्याला जाऊन आदळली आणि सुभेदार शेणाच्या पाटीत बसले होते, एवढे मात्र कुंपणापलीकडून शेजारच्या हरणाबाईंनी स्पष्ट पाहिले.

"भाऊजी, लागलं का?"

"न्हाई. अंदाज घेत होतो," सुभेदार पाटीतूनच म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. वाटेतले देव करत निघालेली लीलाबाईंची गाडी वाईच्या पुढे घाटात थांबली होती. "निघाली का धार?" लीलाबाईंनी नमस्कार-चमत्कार न करताच विचारले.

"निघाली की. झकास."

"मग डेअरीचा मेसेज कसा न्हाई आला?"

ही अडचण सुभेदारांनी गृहीतच धरली नव्हती. हल्ली डेअरीत दूध घातले की किती लिटर आणि फॅट किती, हे यंत्र थेट खातेदाराच्या मोबाईलवर कळवते. आणि खाते लीलाबाईंचे. सुभेदार म्हणाले, "आज दूध घरीच ठेवलंय. बासुंदी करतोय."

"बासुंदी? तुमी?" लीलाबाईंनी दोनदा विचारले. "पातेलं करपवू नगा," एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला.

आयुष्यात चहासुद्धा न केलेल्या माणसाच्या नावावर आता बासुंदी जमा झाली होती.

रात्रभर सुभेदारांचा डोळा लागला नाही, आणि लाडीचाही लागला नसावा. सकाळी कास टरारून आली होती. ती मान वळवून लीलाबाई ज्या दारातून येतात त्या दाराकडे बघत होती. सुभेदारांना पहिल्यांदा भीती वाटली. अब्रूसाठी नव्हे, लाडीसाठी. लीलाबाईंनी तिला पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. तिला काही झाले तर कुठल्या तोंडाने सांगायचे?

त्यांनी तात्याबांना बोलावले. तात्याबा पूर्वेकडच्या माळावरचे, मेंढरांमागे जन्म घालवलेले आणि आता लेकाबरोबर वाडीत शेती करणारे. जनावराच्या प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर नाही असे कधी होत नाही. ते उत्तर बरोबर असतेच, असे मात्र नाही. त्यांनी लाडीभोवती एक फेरी मारली, नाक फेंदारले आणि म्हणाले, "सुभेदार, जनावर वासावर असतंय. वैनीची साडी नेसा आन बसा."

"तात्या, आवं मी सुभेदार हाय!"

"म्हशीला सांगा की ते."

इथे सुभेदारांनी आपल्या स्वाभिमानाची एक खासगी सभा घेतली आणि ठराव एकमताने पास केला. गोठ्यातली साडी तारेवर ओली होती. म्हणून त्यांनी कपाट उघडले आणि हाताला लागली ती काढली. ती होती लीलाबाईंची इरकल. लेकीच्या लग्नात भावाने नेसवलेली. लीलाबाई ती यमाईच्या यात्रेला तेवढी नेसत आणि एरवी डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवत. सुभेदार ती नेसले. नेसले म्हणजे कमरेला पट्टा आवळून तिला जागच्या जागी उभी केली. वर पदर घेतला. मिशा झाकेनात, म्हणून पदराचे टोक दातात धरले. पायात बूट होते, कारण लाथेचा अनुभव ताजा होता.

लाडीने वास घेतला. फिनेल, साबण, डांबरगोळी आणि सुभेदार. ती एकदा जोरात शिंकली. मग तिने पदर तोंडात धरला आणि वैरण समजून शांतपणे चावायला सुरुवात केली.

"सोड! हॉल्ट!" सुभेदार ओरडले. बोलायला तोंड उघडले, तसा दातातला पदर सुटला आणि तोही लाडीच्या तोंडात गेला.

"धुतल्याली साडी कशाला नेसला रं गड्या?" तात्याबा कपाळाला हात लावून म्हणाले. "वासाची पायजे हुती, वासाची!"

"वासाची सगळी मी काल धुतली," सुभेदार पडल्या आवाजात म्हणाले.

त्या वेळी रस्त्यावरून शाळेची गाडी चालली होती. ती का थांबली आणि पोरांनी खिडक्यांतून सलाम का ठोकले, हे सांगायची गरज नाही. सुभेदारांनी सवयीने उलट सलाम ठोकला, तसा पट्टा सुटला. आपण पुढे जाऊ या.

पदराचा जरीकाठासकट वीतभर घास गेला होता. सुभेदारांनी उरलेली इरकल घडी घालून आपल्या पलटणीच्या काळ्या ट्रंकेत अगदी तळाशी ठेवली आणि वर कुलूप लावले.

मग त्यांनी गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथला माणूस फार सभ्य होता. त्याने लाडीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर विचारला. तो वाचायला सुभेदारांना लाडीच्या शिंगांजवळ जावे लागले आणि ती मोहीम तीन प्रयत्नांत फत्ते झाली. मग तो म्हणाला, "जनावर लीलाबाईंच्या नावावर दिसतंय. त्यांच्या मोबाईलवर ओटीपी गेलाय, तेवढा सांगा. मग डॉक्टरांची फेरी लावतो."

सुभेदारांनी महाबळेश्वरला फोन लावला. सकाळचे दूधही बासुंदीतच गेल्याचे त्यांनी आधी सांगून टाकले. "आगं, तुज्या मोबाईलवर एक नंबर आलाय बग. लसीचं काम हाय. तेवढा सांग."

"नंबर आलाय. पर त्याखाली लिवलंय, कुणाला सांगू नगा म्हणून."

"आगं मी तुजा नवरा हाय!"

"नवरापन 'कुणाला'तच येतोय. बँकेच्या मॅडमनी गटात शिकवलंय. त्या म्हनल्या, समोरचा लय गोड बोलंल. तुमी आज लय गोड बोलताय."

सुभेदारांनी मग कडक बोलून पाहिले. त्यावर लीलाबाई म्हणाल्या की मॅडमनी तेही सांगितले आहे.

संध्याकाळ झाली. मेसेज गेला नाही तर लीलाबाई माघारी फिरणार, हे पक्के होते. सुभेदारांनी हरणाबाईंकडून गायीचे दूध घेतले, मान खाली घालून डेअरीत ओतले आणि घरी येऊन लाडीच्या बाजूला पोते टाकून बसले. कास आता हात लावला तरी दुखेल अशी ताठली होती. "बाई, माज्यावर राग हाय ना?" ते लाडीला म्हणाले. "मला लाथ मार. पर तेवढा पान्हा सोड. ती आज पहिल्यांदा तळं बघत आसंल गं."

तेवढ्यात फोन वाजला. हात शेणाने भरलेले, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर चालू केला.

"साडेतीन फॅट?" लीलाबाई कडाडल्या. "माज्या लाडीला कधी सातच्या खाली फॅट लागली न्हाई! पाणी घातलं का गायीचं वतलं? आवं, लाज कशी वाटली न्हाई? जल्मात एक काम धड केलं न्हाई ह्या माणसानं! ह्यो सांडंल तितं मी पुसायचं, ह्यो इसरंल ते मी आठवायचं, आन वर मिशीला पीळ ह्येचाच!"

सुभेदार मान खाली घालून ऐकत होते. लाडीने मात्र कान टवकारले. रवंथ थांबला. मग तिने एक लांब सुस्कारा सोडला, मागचे पाय सैल केले आणि सुभेदारांच्या बुटावर टप्पकन दुधाचा थेंब पडला. पाठोपाठ दुसरा.

सुभेदारांनी घाईने हात धुऊन चरवी ओढली. धारा वाजू लागल्या. लीलाबाई मिशीवरून भावकीतल्या लग्नात हरवलेल्या छत्रीवर आल्या तेव्हा चरवी निम्मी झाली होती. छत्रीवरून सासूबाईंच्या काळात पोहोचल्या तेव्हा फेस काठाला आला होता.

"ऐकताय का न्हाई?"

"ऐकतोय, ऐकतोय! थांबू नगोस!" सुभेदार आनंदाने ओरडले.

पलीकडे लीलाबाईंनी घाबरून फोन ठेवला. पण लाडी मोकळी झाली होती.

कुंपणापाशी हरणाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "भाऊजी, तुमाला ठावं न्हाई व्हय? वैनी धार काढताना रोज ह्येच की बोलत्यात. माजी चूल ह्या भितीला लागून हाय. मला तुमचं समदं पाठ हाय."

"रोज?"

"दोन्ही येळंला."

सुभेदारांनी भरलेली चरवी बाजूला ठेवली. ज्या माणसाच्या संचलनाला ब्रिगेडियरने दाद दिली होती, त्याची निंदा ऐकून एक म्हैस वर्षानुवर्षे दूध देत होती, आणि तेही सात फॅटचे. ही बाब पचायला त्यांना दोन कप चहा लागला. तो हरणाबाईंनी केला.

पण युद्धात हत्यार सापडले की ते वापरायचे असते. सकाळी सुभेदारांनी स्वतःहून फोन लावला आणि लाडीच्या कानाशी धरून म्हणाले, "लीला, लोणच्याची बरणी फुटली." बरणी फडताळात सुखरूप होती. तिकडे लीलाबाई कडाडल्या, इकडे चरवी भरली. डेअरीत फॅट सात लागली. संध्याकाळी त्यांनी शेवगा छाटल्याचे सांगितले. त्यावर दूध जरा कमी निघाले. सुभेदारांनी अनुभवाने ठरवले की स्वयंपाकघरातला गुन्हा परड्यातल्या गुन्ह्यापेक्षा जास्त दूध देतो.

एव्हाना वाडीत बातमी फुटली होती. धारेच्या वेळेला माणसे कुंपणाशी येऊन थांबू लागली. जो तो गुन्हा सुचवायचा. डेअरीचा बाळासो म्हणाला, "काका, पाट्याचा वरवंटा हरवला म्हणा." तात्याबांनी मेंढीचा एक जुना गुन्हा सुचवला, पण तो सुभेदारांच्या अंगाला बसण्यासारखा नव्हता. शेवटी हरणाबाई म्हणाल्या, "माहेरचं काढा. बायकांना माहेरचं लय लागतंय."

सुभेदारांनी चौथ्या दिवशी सकाळी माहेरचे काढले. "लीला, तुजा भाऊ आला हुता. मी त्येला दारातनंच घालवला."

लाडी सज्ज उभी होती. कुंपणाशी माणसे कान देऊन उभी होती. फोनमधून मात्र ओरडा आला नाही. मग लीलाबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "आमी आत्ता मळ्यात चाललो हुतो, स्ट्रॉबेरी तोडायला. ऱ्हाऊ दे. मी येस्टी बगते." त्यांच्या आवाजात पाणी होते. पान्हा मात्र आला नाही.

सुभेदारांनी चरवी बाजूला सारली. "लीला, थांब! फोन ठेवू नगो. तुजा भाऊ आलाच न्हाई. बरणी शाबूत हाय. शेवगा शाबूत हाय. बासुंदी मी केलीच न्हाई गं!" आणि मग अख्ख्या वाडीसमोर सुभेदारांनी सगळे सांगितले: शेणाची पाटी, गायीचे दूध, तिच्या शिव्यांनी आलेला पान्हा. फक्त ट्रंकेच्या तळापर्यंत ते गेले नाहीत. "तू जाऊ नगोस माघारी. आयुष्यात एकदा गेलीस. मला काय म्हणायचं ते म्हण, पर स्ट्रॉबेरी तोड."

पलीकडून आधी खुसखुस आली, मग गाडीभर बायकांचे हसू फुटले. तिकडेही स्पीकर चालू होता.

"आवं," लीलाबाई हसू आवरत म्हणाल्या, "मग त्यासाठी नव्या चुका कशाला करत बसलाय? माज्याकडं साठा काय कमी हाय? धरा फोन लाडीच्या कानाला."

आणि त्यांनी लग्नातल्या अक्षतांपासून सुरुवात केली. त्या दिवशी दोन्ही वेळा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही लीलाबाई तोंडाने स्ट्रॉबेरी खात होत्या, सुभेदारांचे आयुष्य क्रमवार सांगत होत्या, आणि लाडी दूध देत होती. गाडीतल्या बायका मधूनमधून "आगं, आमचापन तसाच हाय!" असा ठेका धरत. कुंपणाशी पोती टाकून बसायची सोय झाली. सुभेदारांना आधी मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग, खोटे कशाला बोला, थोडी गंमतही वाटू लागली. एवढे सगळे कोणी लक्षात ठेवलेय, हे काय थोडे झाले?

त्याच संध्याकाळी गाडी परत आली. लीलाबाई उन्हाने लाल झालेल्या, हातात स्ट्रॉबेरीचे खोके. त्या घरात न जाता तशाच गोठ्यात शिरल्या. लाडी हंबरली. त्यांनी कासेवरून हात फिरवला. कास मऊ होती. लीलाबाई पोत्यावर बसल्या, चरवी गुडघ्यात धरली आणि लाडीच्या पोटाला डोके टेकून म्हणाल्या, "गुणाचा हाय गं माणूस माजा. लुगडं नेसून बसला म्हणं माज्यासाठी, हरणाबाईनं फोनवर सांगितलं. एवढं कोन करतंय?"

बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारले गेले. गोठ्याच्या दारात सुभेदारांनी मिशीला पीळ भरला. कुंपणाशी सगळी वाडी पुढे सरकली. लाडीला मात्र हे रुचले नाही. तिने कान पाडले, पाय आवळले आणि पान्हा चोरला. एक थेंब खाली येईना.

"आवं, ही का अशी करतीया?"

"शिव्या घाल की," सुभेदार म्हणाले.

"कुटनं घालू? समदं फोनवर सांगून संपलं! आन आज राग येतोय कुटं तुमचा?" लीलाबाई खरेच हवालदिल झाल्या होत्या. "काय केलंय का तुमी? आठवा की!"

सुभेदारांनी लाडीकडे पाहिले. लीलाबाईंच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिले. तो चेहरा अजून थोडा वेळ तसाच राहावा, असे त्यांना फार फार वाटत होते. मग ते वळले, घरात गेले, काळ्या ट्रंकेचे कुलूप उघडले आणि घडी छातीशी धरून, संचलनाच्या पावलांनी गोठ्यात परत आले. त्यांनी घडी उलगडली. वीतभर नसलेल्या पदरातून यमाईचा डोंगर दिसत होता.

"लुगडं म्हंजे... ही?" लीलाबाईंनी फाटका काठ चाचपला. "माज्या भावाची इरकल?"

आणि मग त्यांचा आवाज फुटला. हरणाबाईंची चुलीवरची भाकरी करपली तरी त्या हलल्या नाहीत. लाडीने मोठा सुस्कारा टाकला, पाय सैल केले, आणि चरवीत अशी धार वाजू लागली की बाळासो दुसरी चरवी आणायला धावला.

सुभेदार सावधान उभे राहून ऐकत होते. दुसरी चरवी भरत आली तसा लीलाबाईंना दम लागला. त्यांनी फाटक्या पदराने घाम पुसला, नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिले आणि म्हणाल्या, "आन पुढल्या साली गट गणपतीपुळ्याला चाललाय. तवा आत्तापास्नंच काय काय बिघडवायचं, त्ये बघून ठेवा!"